सरकारी ॲपचा कोड खुला म्हणजे काय? ‘ओपनफोर्ज’ची माहिती

भाईंदर पश्चिम : राई असो, मुर्धा असो की उत्तन, सरकारी कामाला आता मोबाईलमधलं ॲप लागतंच. ते ॲप आपली माहिती कुठे पाठवतं, हे त्याच्या कोडवरून, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांवरून तपासता येतं. असा कोड खुला करण्यासाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये धोरण आणलं. त्यासाठीचं ऑनलाइन व्यासपीठ म्हणजे ‘ओपनफोर्ज’.

काम कसं चालतं? चूक दिसली की नोंदवायची, दुरुस्ती सुचवायची. प्रकल्प चालवणारे ती तपासून मगच मूळ कोडमध्ये घेतात. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते, सातबाऱ्याच्या फेरफारासारखी.

‘आरोग्य सेतू’ २ एप्रिल २०२० ला आलं. ते लोकेशन आणि ब्लूटूथ वापरत असल्याने शंका उठल्या. २६ मे रोजी त्याच्या अँड्रॉइड ॲपचा कोड गिटहबवर खुला झाला, तर सर्व्हरकडचा कोड नोव्हेंबरमध्ये ओपनफोर्जवर आला.

पण कोड एकदा टाकून भागत नाही. ॲप नवं आणि खुला कोड जुना असेल, तर तपासणी जुन्याचीच होते. म्हणून ‘कोड खुला आहे’ असं कोणी सांगितलं, तर शेवटचा बदल कधीचा, हे आधी विचारा.