त्वचा प्रतिमादर्शन
त्वचा प्रतिमादर्शन : त्वचेला छेद न देता तिच्या अंतर्भागाची प्रतिमा मिळविण्याच्या तंत्रांना ही संज्ञा लावतात. मलमे, प्रसाधने व इतर उपचार यांचा जिवंत त्वचेवर होणारा परिणाम अजमावण्यासाठी या तंत्रांचा उपयोग होतो.

पूर्वी यासाठी त्वचेचा तुकडा कापून जीवोतक परीक्षा करावी लागे. कापलेली जागा पुन्हा तपासता येत नसल्याने एकाच जागेवरील उपचारापूर्वीची व नंतरची स्थिती ताडून पाहणे अशक्य होते. शिवाय व्रण राही. १९१२ मध्ये अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक वॉरेन लॉम्बर्ड यांनी त्वचेवर तेलाचा थेंब ठेवून तिच्यातील केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. परंतु खोलवरचे थर दिसत नव्हते.

१९७९ मध्ये अलेक्झांडर व मिलर यांनी श्राव्यातीत ध्वनीच्या स्पंदांनी त्वचेची जाडी मोजली. प्रतिध्वनी परतण्यास लागणाऱ्या वेळावरून ही जाडी काढतात. कॉर्टिकोस्टेरॉइडयुक्त मलमांनी त्वचा पातळ होते, हा अपाय १९८१ मध्ये याच तंत्राने मोजण्यात आला.

मार्विन मिन्स्की यांनी १९५७ मध्ये एकस्वासाठी मांडलेल्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकात बारीक छिद्राच्या साहाय्याने एकाच पातळीवरील प्रकाश टिपला जातो. १९९५ मध्ये बॉस्टन येथे मिलिंद राजाध्यक्ष व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसर किरण वापरून या तत्त्वावर जिवंत मानवी त्वचेतील कोशिका पाहिल्या. मेलॅनीन या रंगद्रव्यामुळे प्रतिमेत उठाव येतो, असे त्यांनी दाखविले. ही प्रतिमा सु. ०·२ मिमी. खोलीपर्यंतच मिळते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑप्टिकल कोहिअरन्स टोमोग्राफी या तंत्राने १ ते २ मिमी. खोलीपर्यंतचा छेद दिसतो. मात्र त्यात बारकावे कमी असतात.

यूरोपीय संघाने २०१३ मध्ये प्राण्यांवर चाचणी केलेल्या प्रसाधनांच्या विक्रीवर पूर्ण बंदी घातली, तर भारताने २०१४ मध्ये अशा चाचण्यांनाच मनाई केली. त्यामुळे माणसांवरील निरुपद्रवी परीक्षणांचे महत्त्व वाढले. तथापि केवळ प्रतिमेतील बदल म्हणजे गुण नव्हे. ओलाव्याने बाह्यत्वचेचा वरचा थर तात्पुरता फुगतो आणि त्वचा सुधारल्याचा भास होऊ शकतो. म्हणून उपचार न केलेल्या जागेशी तुलना करणे आणि प्रतिमा वाचणाऱ्यास उपचाराची माहिती नसणे आवश्यक ठरते. रोगनिदानात संशय उरल्यास आजही जीवोतक परीक्षेचाच आधार घ्यावा लागतो.