कुत्र्याच्या पिलाचें शिक्षण

महाभारताच्या आदिपर्वांत, कौरवपांडवांच्या कथेला हात घालण्यापूर्वींच, कुत्र्याच्या एका पिलाची कथा येते. परीक्षिताचा पुत्र जनमेजय हा श्रुतसेन, उग्रसेन व भीमसेन या आपल्या तीन भावांसह कुरुक्षेत्रीं दीर्घसत्र करीत असतां देवशुनी सरमा हिचें पिलूं तेथें आलें. राजाच्या भावांनीं त्याला बडवून हांकलून लावलें. पिलूं रडत आईकडे गेलें. कोणत्याहि आईला प्रथम जी शंका येते तीच सरमेलाहि आली. तूं कांहीं तरी खोडी केली असशील, असें ती म्हणाली. हविर्द्रव्याकडे आपण पाहिलेंहि नाहीं आणि तें चाटलेंहि नाहीं, असें पिलानें सांगितलें, तेव्हां सरमा यज्ञभूमीवर गेली व तिनें जाब विचारला. कोणी उत्तर दिलें नाहीं. अपराध नसतां मारलेंत, म्हणून न दिसणारें भय तुमच्यावर येईल, असा शाप देऊन ती परतली. आणि एवढा मोठा राजा त्या शापानें हादरून जाऊन त्याच्या निवारणासाठीं योग्य पुरोहित शोधूं लागला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें डॉ. सुखठणकरांच्या संपादकत्वाखालीं आदिपर्वाची जी चिकित्सक आवृत्ति १९३३ सालीं पुरी केली, तींतहि ही कथा आपल्या जागीं कायम आहे. कुत्र्याला संस्कृतांत 'सारमेय' म्हणतात तें या सरमेवरूनच.

सरमेची तक्रार मारल्याची नव्हती, अपराधावांचून मारल्याची होती, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. पण अपराध म्हणजे काय, हें पिलाला कळावें कसें? दिवाणखान्यांतील सतरंजी भिजविणारें दोन महिन्यांचें पिलूं स्वतःच्या मतें कांहींहि वावगें करीत नसतें. माणसानें कुत्र्याला शिकविण्याचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोंवतीं फिरलेला आहे, आणि तो प्रश्न सुटावयास दोन हजारांहून अधिक वर्षें लागलीं.

या विषयावर स्वतःच्या अनुभवानें लिहिणारा जुना ग्रंथकार म्हणजे ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतील ग्रीक सेनानी व इतिहासकार झेनोफन. त्याच्या मृगयेवरील छोट्या ग्रंथांत पिलांचें संगोपन व शिक्षण यांचा स्वतंत्र विचार आहे. पिलें आईच्याच अंगाखालीं वाढावींत, कारण परक्या कुत्रीच्या दुधाला आईच्या दुधाचा गुण नाहीं. त्यांना जड अन्न घालूं नये. मादीला आठव्या व नराला दहाव्या महिन्यांत शिकारीस न्यावें, आणि तेव्हांहि मोकळें न सोडतां लांब दोरीनें बांधून न्यावें, असें तो सांगतो. त्याची सर्वांत मार्मिक सूचना मात्र अन्नासंबंधीं आहे. कुत्र्यांना धन्यानें शक्यतों स्वतःच्या हातानें खाऊं घालावें. कारण भूक लागली म्हणजे ती कोणामुळें लागली हें त्यांना समजत नाहीं, पण भुकेच्या वेळीं अन्न मिळालें म्हणजे देणाऱ्यावर त्यांचें प्रेम जडतें. शिकार आटोपल्यावर जाळ्यांजवळ खाऊं घालण्याची युक्तिहि त्याचीच. एखादें अननुभवी कुत्रें रानांत चुकलें तर खाण्याच्या ओढीनें तें तेथें परत यावें, हा तींतील हेतु. घरांतील मुलांनीं पिलूं मागावें आणि त्याचें ताट मात्र गड्यानें वाढावें, अशी जेथें रीत असते, तेथें पिलूं गड्याचें होतें. त्यांत त्याचा दोष नाहीं.

नांवासंबंधीं झेनोफन फार काटेकोर आहे. हांक मारण्यास सोपीं जावींत म्हणून नांवें आंखूड असावींत असें सांगून तो सत्तेचाळीस नांवांची यादीच देतो. पहिल्या शतकांतील रोमन शेतीतज्ज्ञ कोलुमेला हाहि तेंच म्हणतो, परंतु नांव दोन अक्षरांहून लहानहि नसावें अशी पुस्ती जोडतो. मोत्या, वाघ्या, टिप्या, खंड्या हीं आपल्याकडील नांवें ठेवणाऱ्यांनीं कोलुमेला वाचला नव्हता हें उघड आहे. पण अंगणांतून हांक मारावयाची झाली कीं कोणत्याहि देशांतील माणसाच्या जिभेला दोनच अक्षरें सोयीचीं वाटतात.

झेनोफननंतर पांचशें वर्षांनीं आरियन नांवाच्या ग्रंथकारानें त्याच्या पुस्तकाला पुरवणी लिहिली. अलेक्झांडरच्या स्वारीचा इतिहास व हिंदुस्थानचें वर्णन यांमुळें इतिहासाचे विद्यार्थी आरियनला ओळखतात. तो कुत्र्यांचा किती शोकी होता हें थोड्यांना ठाऊक असतें. आपल्या कुत्रीचें नांव मागें राहावें अशी इच्छा धरून त्यानें तें ग्रंथांत नोंदवून ठेविलें आहे: तिचें नांव होर्मे. कुत्र्याला नांव घेऊन शाबासकी द्यावी, अंगावरून हात फिरवावा, कारण स्तुति कुत्र्यांनाहि गोड लागते, असें तो सांगतो. याच कुत्रीसंबंधीं त्यानें आणखी एक गोष्ट सहज लिहून ठेविली आहे. लहानपणीं तिला चाबकाचा मार बसला होता. त्यामुळें मोठी झाल्यावरहि कोणी चाबकाचें नुसतें नांव काढलें कीं ती बोलणाऱ्याजवळ जाऊन अंग चोरी, गयावया करी, त्याच्या गळ्यांत पडून तोंड चाटूं लागे, आणि त्याचा राग निवळला असें दिसेपर्यंत त्याला सोडीत नसे. आरियनला यांत तिची बुद्धि दिसली. आजच्या वाचकाला चाबकाचा शब्द जन्मभर न विसरलेलें एक पिलूं दिसतें. तिनें लहानपणीं काय केलें होतें, हें मात्र आरियननें लिहिलेलें नाहीं.

मध्ययुगांत राजेरजवाड्यांच्या शिकारखान्यांमुळें कुत्र्यांच्या जोपासनेची विद्या वाढली. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथांत 'सारमेयविनोद' या नांवाचें प्रकरण आहे. परंतु शिकविण्याच्या पद्धतींत फारसा पालट झाला नाहीं. इंग्रजीत शिकारी कुत्र्याला तयार करणें याला 'मोडणें' याच अर्थाचा शब्द रूढ होता, आणि शब्दासारखीच कृति होती: वर्षभर पिलाला मोकाट वाढूं द्यावयाचें आणि मग चाबकानें त्याची खोड मोडावयाची. या प्रघाताविरुद्ध हचिन्सन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें १८४८ सालीं पुस्तक लिहिलें. त्याच्या पुस्तकाच्या नांवांत 'मोडणें' हा शब्द कायम असला तरी आंतील उपदेश धीर, ममता आणि खाऊ यांचा आहे. पहिले धडे रानांत नव्हे, घरींच द्यावेत असें त्याचें म्हणणें. लष्करी पेशाच्या माणसानें हें सांगावें याचें कौतुक वाटतें. कारण पुढें उलट दिशेचा जोर लष्कराकडूनच आला. जर्मन पोलिसखात्यांतील कोनराड मोस्ट याचें १९१० सालचें पुस्तक या शास्त्राचा पाया समजलें जातें. कुत्र्याला माणसाची नीति कळत नाहीं, बक्षीस किंवा शिक्षा कृतीच्या त्याच क्षणीं मिळाली तरच तिचा अर्थ त्याला लागतो, हें त्यानें स्पष्ट मांडलें. सरमेच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें मिळालें. पण साधनें मात्र त्यानें बहुतेक सक्तीचीं निवडलीं: पट्ट्याचा हिसका, खिळ्यांचा गळपट्टा, छडी. दोन महायुद्धांच्या काळांत हीच रीत लष्करी कुत्र्यांवरून घरगुती कुत्र्यांवर आली. तो हिसका कोवळ्या मानेला सोसणारा नसल्यामुळें शिक्षण सहा महिन्यांनंतर सुरू करावें हा समजहि तिच्याबरोबर घराघरांत शिरला.

हा समज किती महाग पडतो याचा पुरावा एका निराळ्याच ठिकाणीं नोंदवून ठेवलेला होता. चार्ल्स डार्विन १८३३ सालीं दक्षिण अमेरिकेंत, आजच्या उरुग्वे देशांत हिंडत असतां त्यानें मेंढ्यांचे मोठमोठे कळप माणसावांचून, केवळ एकदोन कुत्र्यांच्या राखणीखालीं चरतांना पाहिले. तेथील लोक अगदीं तान्हें पिलूं आईपासून तोडीत, दिवसांतून तीनचार वेळां त्याला मेंढीला पाजीत, मेंढवाड्यांत लोंकरीचें घरटें करून त्यांत निजवीत, आणि इतर कुत्रीं किंवा घरांतील मुलें यांच्याशीं त्याचा संबंध येऊं देत नसत. असें कुत्रें मोठें झाल्यावर रोज मांसाचा तुकडा नेण्यापुरतें घरीं येई व लाजल्यासारखें निघून जाई. घरचीं कुत्रीं त्याच्या मागें लागत. पण कळपाजवळ पोंचतांच तें वळून भुंकूं लागलें कीं तींच कुत्रीं पाय लावून पळत. कोणी त्याला छडी मारलेली नव्हती. पहिल्या कांहीं आठवड्यांत त्याला मेंढ्या हेंच आपलें गोत वाटलें होतें, एवढेंच.

हे आठवडे नेमके कोणते, हें शोधून काढण्याचें श्रेय अमेरिकेच्या मेन संस्थानांतील बार हार्बर या गांवीं असलेल्या जॅक्सन प्रयोगशाळेकडे जातें. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनीं दुसरें महायुद्ध संपण्याच्या सुमारास तेथें काम आरंभिलें आणि पांच जातींच्या कुत्र्यांचा अभ्यास करून १९६५ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंत पिलाचें मन नव्या ओळखींना मोकळें असतें. पुढें अनोळखी वस्तूची भीति कुतूहलावर मात करते, असा त्यांचा निष्कर्ष. तेथेंच फ्रीडमन, किंग व एलियट यांनीं केलेला व १९६१ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग तर मनाला चटका लावणारा आहे. कॉकर स्पॅनियल व बीगल जातींचीं पिलें त्यांनीं उंच कुंपणाच्या आंत, माणसाच्या सहवासावांचून वाढविलीं. कांहींना दुसऱ्या, कांहींना तिसऱ्या, पांचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यांत बाहेर काढून आठवडाभर माणसाचा सहवास दिला आणि पुन्हां आंत सोडलें. ज्यांना चौदा आठवडे माणूस भेटलाच नाहीं, तीं पिलें रानटी जनावरांसारखीं झालीं. पुढें कितीहि मायेनें वागविलें तरी तीं पूर्ववत् माणसाळलीं नाहींत. केवळ सात दिवसांच्या सहवासानें पडलेला हा फरक! सहा महिन्यांपर्यंत वाट पाहणारा धनी शाळा सुटल्यावर मुलाचें नांव घालावयास जात असे, असेंच म्हणावें लागेल.

मध्यंतरीं लांडग्यांनींहि थोडा घोटाळा केला. किंवा लांडग्यांविषयीं घाईनें बोलणाऱ्यांनीं केला. रूडॉल्फ शेंकेल यानें १९४७ सालीं बाझेलच्या प्राणिसंग्रहालयांतील लांडग्यांच्या वर्चस्वाच्या झगड्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यावरून, घरांतील पिलूंहि सत्ता बळकावूं पाहतें, म्हणून धन्यानें त्याला उताणें पाडून दाबून धरावें, असला उपदेश पुढें बोकाळला. ते लांडगे कोंडलेले होते. वर्चस्वाची कल्पना आपल्या १९७० सालच्या ग्रंथानें लोकप्रिय करणाऱ्या डेव्हिड मेच यानेंच, एल्समियर बेटावर मोकळ्या लांडग्यांना वर्षानुवर्षें जवळून पाहिल्यानंतर, १९९९ सालीं लिहिलें कीं, रानांतील कळप म्हणजे बहुधा आईबाप व त्यांचीं पिलें यांचें कुटुंब असतें. शास्त्रज्ञानें स्वतःचें मत असें उघडपणें सुधारावें ही गोष्ट विरळा.

मोस्टनें अर्धें सोडलेलें उत्तर बक्षिसाच्या वाटेनें पुरें झालें. बी. एफ्. स्किनर यानें १९५१ सालीं एका लेखांत, 'टिक्' असा आवाज करणारें खेळणें हातीं घेऊन, योग्य कृति घडतांच तो आवाज व पाठोपाठ खाऊ देऊन कोणालाहि घरीं जनावर कसें शिकवितां येतें, हें समजावून सांगितलें. घरांतील घाणीचा प्रश्नहि या तत्त्वानेंच सुटतो. नाक घाणींत घासण्याची पद्धत पुष्कळ घरीं अजूनहि चालते. पण मालक पोंचेपर्यंत ती कृति पिलाच्या लेखीं होऊन गेलेली असते आणि उरतो तो केवळ संतापलेल्या माणसाचा चेहरा. त्या चेहऱ्यापुढें तें अंग चोरतें आणि मालक म्हणतो, पहा, याला कळतें. उलट झोपेंतून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळल्यावर लगेच त्याला ठरलेल्या जागीं नेलें आणि काम होतांच तेथल्या तेथें भाकरीचा तुकडा व शाबासकी दिली, तर बहुतेक पिलें कांहीं आठवड्यांत ती जागा ओळखूं लागतात.

या नव्या ज्ञानानें शहरांतील कुटुंबापुढें एक खरा पेंच मात्र टाकला आहे. १९७८ च्या सुमारास पार्व्हो विषाणूचा रोग जगभर पसरला. तेव्हांपासून, सर्व लसी पुऱ्या होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिने, पिलाला घराबाहेर नेऊं नये, असा सल्ला रूढ झाला. रोगाचें भय खोटें नाहीं. मोकाट कुत्र्यांनीं भरलेल्या आपल्या रस्त्यांवर तर मुळींच नाहीं. पण ते चार महिने म्हणजे बार हार्बरच्या संशोधकांनीं मोजलेली सारी मुदतच. अमेरिकेंतील पशुवर्तनाच्या वैद्यांच्या संघानें २००८ सालीं यावर मत दिलें, तें असें: पहिली लस टोंचल्यानंतर निदान सात दिवसांनीं, सातव्याआठव्या आठवड्यापासूनच पिलाला इतर निरोगी, लस टोंचलेल्या पिलांत व माणसांत न्यावयास हरकत नाहीं. ज्यांच्या गांवीं अशी सोय नाहीं त्यांना पिलाला रस्त्यावर खालीं न ठेवतां कडेवर घेऊन रिक्षा, शाळा सुटल्यावरचा मुलांचा गलका, छत्री उघडणारा माणूस आणि लांबून येणारा फटाक्यांचा आवाज यांची ओळख करून देतां येते. त्या वेळीं खिशांत चार तुकडे असले म्हणजे झालें.