पहिलं पान कुणाला?

जेवताना मचमच आवाज केला की आमच्या आज्या डोळे वटारायच्या. "तोंड मिटून खा रे!" तेव्हा आम्हाला वाटायचं, ही आजीचीच शिस्त. पुढे विनयपिटक वाचताना कळलं की हा नियम फार जुना आहे. भिक्खूंच्या रोजच्या वागणुकीचे जे 75 सेखिय नियम आहेत, त्यांतले तब्बल 30 भिक्षान्न घेण्याविषयी आणि जेवणाविषयीच आहेत. घास तोंडाजवळ आल्याशिवाय तोंड उघडू नये. भरल्या तोंडानं बोलू नये. गाल फुगवून खाऊ नये. हात, पात्र, ओठ चाटू नयेत. जास्त कालवण मिळावं म्हणून पात्रातलं कालवण भाताखाली दडवू नये. (हा नियम करावा लागला, म्हणजे कुणीतरी दडवलंच असणार!) दुसऱ्याच्या पात्रात खोड काढण्यासाठी डोकावू नये. खाताना 'चपुचपु' आणि 'सुरुसुरु' आवाज करू नये. मूळ पालीतले हे शब्द आपल्याला सांगावे लागत नाहीत, कानालाच कळतात.

'सुरुसुरु'ची गोष्ट कोसंबीची. एका ब्राह्मणानं संघाला दूध दिलं. भिक्खू ते भुरके मारत प्यायले. त्यांच्यात पूर्वी नट असलेला एक भिक्खू होता. तो म्हणाला, सगळा संघच गारठलेला दिसतोय! संघाची थट्टा केली म्हणून तथागतांनी त्याला समज दिली आणि भुरके मारणाऱ्यांसाठी नियमही केला.

पण कसं खावं, याहून मोठा प्रश्न म्हणजे आधी कोण बसणार? चुल्लवग्गात तो सरळ विचारला आहे. एकदा श्रावस्तीच्या वाटेवर काही भिक्खूंनी पुढे धावून मुक्कामाच्या सगळ्या जागा अडवल्या. सारिपुत्तांसारख्या थोर भिक्खूंना रात्र झाडाखाली काढावी लागली. सकाळी तथागतांनी संघाला विचारलं, पहिलं आसन, पहिलं पाणी, पहिलं अन्न कुणाला मिळावं? कुणी म्हणालं, क्षत्रिय कुळातून आलेल्याला. कुणी म्हणालं, ब्राह्मण कुळातल्याला. म्हणजे घर सोडलं, चीवर घेतलं, तरी कुळ काही सुटलं नव्हतं! तेव्हा तथागतांनी तित्तिर, माकड आणि हत्ती यांची गोष्ट सांगितली. वडाच्या झाडाची सर्वांत जुनी आठवण ज्याला, तो थोर. तो निघाला तित्तिर, सगळ्यांत लहान पक्षी! वडाचं बी त्यानंच टाकलेलं होतं. मग ठरलं की संघात मान दीक्षेच्या ज्येष्ठतेनं.

याचा अर्थ काय, ते उपालींच्या दीक्षेत दिसतं. अनुरुद्ध, आनंद, भद्दिय वगैरे सहा राजपुत्र दीक्षेला आले, तेव्हा त्यांचा न्हावी उपाली बरोबर होता. राजपुत्र स्वतःच म्हणाले, आम्ही शाक्य फार अभिमानी. याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला याच्यासमोर उठून उभं राहावं लागेल. तेव्हापासून न्हाव्याचं आसन आधी, राजपुत्रांचं मागून.

ही शिस्त समुद्र ओलांडून गेली. जपानच्या दोगेन या आचार्यांनी 1246 मध्ये भिक्खूंच्या भोजनावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शेजाऱ्याच्या पात्रात डोकावू नये, आवाज करू नये, हे नियम त्यातही आहेत. त्यांच्या परंपरेत पात्र जेवल्या जागीच पाण्यानं धुतात. त्याच जपानात साध्या खाणावळीत शेवयांचे भुरके मारणं मात्र असभ्य मानत नाहीत. म्हणजे आवाजाचा नियम जागेप्रमाणे बदलतो. त्यात कुणाचा अपमान नाही.

बसण्याच्या जागेचं तसं नाही. आमच्या आईवडिलांना गावच्या लग्नात पंगती उठल्यावर, मांडवाबाहेर वाढलेलं आहे. हे आम्ही पुस्तकात वाचलेलं नाही, त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे. सांगताना ते अन्नाची चव सांगत नसत, किती वेळ थांबावं लागलं ते सांगत.

म्हणून गेल्या वर्धापनदिनाची एक गोष्ट इथं लिहावीशी वाटते. भिक्खू संघाचं भोजनदान झाल्यावर आम्हीच 'खास पाहुण्यां'साठी टेबल-खुर्च्या मांडल्या आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्या पंगतीपर्यंत ताटकळत ठेवलं. कुणी तक्रार केली नाही. एक आजी तेवढी म्हणाली, "बसा बाबा तुम्ही, आम्हाला सवय आहे." यंदा भोजन समितीनं सत्तरीपुढच्या सगळ्यांना पहिल्या पंगतीला बसवायचं ठरवलं आहे. ज्यांना खाली बसवत नाही, त्यांच्यासाठी खुर्च्या राहतील. पाहुणे दुसऱ्या पंगतीला, आमच्याबरोबर.