आधी फोड चाखा, मग लवकी चिरा

वैनगंगेच्या काठावरच्या कारध्याहून आम्ही आमच्या बचत गटातर्फे बोलतो आहोत.

लवकी, म्हणजे दुधी भोपळा, चिरायला घेतला की आपल्या आया-सासवा आधी एक फोड कापून जिभेला लावतात. कडू लागली तर अख्खी लवकी उकिरड्यावर. आमच्यातल्या शिकलेल्या सुनांना ही जुन्या बायांची खोड वाटायची. मागच्या बैठकीत एकीने विचारलंच, "कारलं कडू खातो, मग कडू लवकी का टाकायची? कडू तर औषध असतं ना?" उत्तर शोधता शोधता जिभेचा इतिहासच हाती लागला. तो आज सांगतो.

शाळेत आपण जिभेचं चित्र काढलं होतं. शेंड्यावर गोड, मागे कडू. १९०१ साली हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने जिभेवर मोजणी केली, तेव्हा त्याला जागोजागी थोडा फरक दिसला. पुढे पुस्तकांनी त्या थोड्या फरकाच्या पक्क्या वाटण्या करून टाकल्या. मेथीचं पान चावून शेंड्यावर ठेवा, कडू तिथेही कळेल.

१९३१ मध्ये अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत एक पूड हवेत उडाली. शेजारचा म्हणाला, काय कडू आहे! फॉक्सला काहीच लागेना. दोघांनी पूड चाखून पाहिली, तरी तेच. मग कितीतरी लोकांना ती चाखायला दिली, तर काहींना कडूजहर, काहींना बेचव. हा फरक आईबापाकडून येतो. त्यामागचा मुख्य जनुक २००३ मध्ये सापडला. म्हणून "भाजी कडू केलीस" असं सुनेला बोलण्याआधी जरा थांबावं. जीभ ज्याची त्याची असते.

पण जिभेला कडू कळतं कसं? ते २००० साली उलगडलं. अमेरिकेतल्या चार्ल्स झुकर आणि निकोलस रिबा यांच्या गटांनी जिभेच्या पेशींवरची कडू ओळखणारी प्रथिनं शोधली. ही प्रथिनं म्हणजे कुलपं समजा. कडू पदार्थाची किल्ली बसली की पेशी मेंदूला निरोप धाडते. माणसात कडूची अशी सुमारे २५ प्रकारची कुलपं आहेत. गोडाचं मात्र मुख्य कुलूप एकच, दोन प्रथिनं जोडून झालेलं. ते २००१ मध्ये कळलं.

त्या गोडाच्या कुलपाची गंमत आपल्या देशात आधीच माहीत होती. गुडमार वेलीचा पाला चावला की काही वेळ साखर वाळूसारखी लागते. उटीला क्विनाइनचं काम बघणाऱ्या डेव्हिड हूपर या सरकारी रसायनतज्ज्ञाने १८८७ मध्ये त्या पाल्यातला पदार्थ वेगळा काढला. तो गोडाच्या कुलपाला चिकटून बसतो, हे आता कळलं आहे.

गोडाला एक आणि कडूला २५ कुलपं कशाला? गोड म्हणजे ताकद देणारं अन्न, ते ओळखायला एक पुरतं. झाडापाल्यातली विषं मात्र नाना तऱ्हेची, आणि त्यातली बरीच कडू. म्हणून पहारेकरी जास्त. तान्ह्या बाळाच्या जिभेला कडू लागलं तरी ते तोंड वाकडं करतं. त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

आता लवकीकडे येऊ. भोपळा-काकडीच्या वेलींत कुकुरबिटासिन नावाचं कडू विष असतं. माणसाने पिढ्यान् पिढ्या कडू नसलेल्या फळांचं बी राखून ते कमी केलं. तरी एखाद्या फळात ते वाढतं. वरून दिसत नाही, शिजवून जात नाही. कारल्याचा कडूपणा वेगळा, तो असायचाच. लवकीचा कडूपणा असायचा नसतो, म्हणून ती धोक्याची खूण.

२०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा जीव गेला. मग भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने समिती नेमली. तिचा अहवाल २०१२ मध्ये छापून आला. समितीनेही हेच सांगितलं: रस काढण्याआधी फोड चाखा, कडू असेल तर फेका. तरी २०१८ मध्ये पुण्यात एका महिलेचा असाच मृत्यू झाला.

म्हणून मैत्रिणींनो, फोड जिभेला लावायची, थुंकायची, आणि जमलं तर दुसरीलाही चाखायला द्यायची. कडू लवकी गाईगुरांनाही घालू नका. दुसऱ्या रसात मिसळून कडूपणा लपवू नका. रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू झाल्या तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. या विषावर उतारा नाही, वेळेवरचा उपचारच वाचवतो.

सासूबाईंची ती खोड नव्हती. जिभेचं ऐकायची शिकवण होती. ती आपल्या लेकी-सुनांना देऊ या.