जात्यावरील ओवीतील एकवचन

भक्तिगीत संपते तेथे राजकीय गीत सुरू होते, अशी विभागणी लोकगीतांच्या अभ्यासात सर्रास केली जाते. परभणी जिल्हा आणि त्याला लागून असलेला गोदाकाठ एवढाच प्रदेश घेतला तरी ती टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सेलूच्याच जिल्ह्यातील गंगाखेड हे जनाबाईचे गाव. नामदेवांच्या घरच्या या दासीबरोबर विठ्ठल दळू लागतो, अशी परंपरेची श्रद्धा आहे. जनी त्याला माउली म्हणते आणि रागावली की 'विठ्या'ही म्हणते. एरवी जिने सर्वांचे ऐकून घ्यावयाचे, ती देवाशी एकेरीत बोलते.

सेलूहून गोदावरी ओलांडली की माजलगाव लागते. गी प्वातवँ व हेमा राईरकर यांच्या ओवीसंग्रहासाठी तेथील दलित स्त्रियांच्या ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. दळताना पहिली ओवी देवाला वाहावयाची हा जुना संकेत. १९५६ च्या धर्मांतरानंतर त्या जागी बुद्ध आणि भीम आले. सभेत ज्यांचा उल्लेख 'बाबासाहेब' असा आदरार्थी बहुवचनाने होतो, ते ओवीत 'भीम' होतात, भाऊ होतात. ओवीतला भाऊ म्हणजे माहेराहून न्यायला येणारा, बहिणीची बाजू घेणारा पुरुष. नेत्याला हे नाते देणे ही केवळ गोडव्याची बाब नव्हे. गावाने या समाजातील वृद्धांनाही अरेतुरे केले. तेच एकवचन येथे स्वतःच्या इच्छेने, आपलेपणाने वापरले आहे. व्याकरण तेच, अधिकार मात्र उलटा.

जमैकातील बर्निंग स्पिअर या गायकाची 'मार्कस गार्वी' ही ध्वनिमुद्रिका (१९७५) येथे आठवते. गार्वी १९४० मध्येच निवर्तले होते. रस्ताफारी श्रद्धेच्या या गायकाने त्यांना प्रेषिताच्या जागी नेऊन पुन्हा हाक दिली. तेथे चौकट बायबलमधील संदेष्ट्यांची, येथे नात्याची. मला दुसरी अधिक धीट वाटते. अर्थात हा पक्षपात असू शकेल.

मराठवाड्यात हे नाव उच्चारणे सोपे नव्हते. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये संमत करताच दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. माजलगावचे ध्वनिमुद्रण त्यानंतर दोनच वर्षांनी झाले. तोवर दळण गिरणीत जाऊ लागले होते, आणि बायका ओव्या आठवून म्हणत होत्या.