वारशाचा वाडा आणि मारेकऱ्याचा हक्क

भोपाळच्या तात्या टोपे नगरात जवाहर चौक म्हणून गजबजलेला भाग आहे. त्या चौकापासून हाकेच्या अंतरावर राहणारे एक वृद्ध गृहस्थ गेल्या वर्षी आमच्याकडे सल्ल्यासाठी आले. नोकरीच्या निमित्ताने त्यांचे वडील इकडे आले आणि कुटुंब येथेच रुजले. कोकणात त्यांचा वडिलोपार्जित वाडा आहे. परंतु त्याला तीन पिढ्या कुलूप. कारण विचारता अण्णा अंमळ घुटमळले. मग म्हणाले, “वकीलसाहेब, आपल्यापासून काय लपवायचे? तो वाडा झपाटलेला आहे म्हणतात. मागीलदारच्या विहिरीपाशी एक बाई दिसते. विकावा तर गिऱ्हाईक नाही, राहावे तर धीर नाही.”

वकिलाने भुताविषयी मत देऊ नये. ते त्याच्या अभ्यासक्रमात नसते. परंतु वाटणीचे आणि वारसाचे दावे पुष्कळ वर्षे चालविल्यानंतर आमचा एक समज झाला आहे, तो वाचकांपुढे ठेवतो. ज्या घरात भूत आहे असे लोक सांगतात, त्या घराच्या मालकीहक्कात बहुधा कोठे तरी खोट असते. कागदपत्रे चोख असतात, पण कोणाचा तरी हक्क बुडालेला असतो. ज्याची नोंद दप्तरात नाही, असा हक्कदारच लोकांच्या बोलण्यात भूत होऊन उरतो.

हा समज आमच्या एकट्याचा नव्हे, याची साक्ष वाङ्मय देते. वारशाने आलेला ओसाड वाडा, त्यातला गुप्त खुनी, संकटात सापडलेली नायिका आणि शेवटी प्रकट होणारा खरा वारस, या थाटाच्या कादंबऱ्यांचे मूळ इंग्रजीत होरेस वॉल्पोलच्या ‘ओट्रँटोचा किल्ला’ या कथेत मानतात. ती १७६४ च्या डिसेंबरात लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील मॅन्फ्रेड हा राजपुत्र किल्ल्याचा स्वामी असतो. परंतु त्याच्या आजाने खऱ्या धन्यास विष घालून आणि खोटे मृत्युपत्र करून तो किल्ला बळकावलेला असतो. मारल्या गेलेल्या धन्याची छाया किल्ल्यात वावरते, आणि अखेर एका सामान्य दिसणाऱ्या तरुणाच्या रूपाने खरा वारस पुढे येतो. भुताचा वेष उतरविला तर उरतो तो मालमत्तेचा दावाच.

वॉल्पोलने ही कथा कल्पनेने रचली. पुढे नऊ वर्षांच्या आत पुण्यात तीच गोष्ट रक्ताने लिहिली गेली. तेथे वाडा खरा होता, खून खरा होता, आणि ‘मारेकऱ्यास वारसा मिळेल काय?’ हा प्रश्न विचारणारा न्यायाधीशही खरा होता.

शनिवारवाड्याचा पाया पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १० जानेवारी १७३० रोजी घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांती झाली. याच बाजीरावांनी १७३७ च्या डिसेंबरात आम्ही राहतो त्या भोपाळात निजामास कोंडले आणि पुढच्याच महिन्यात दुराई सराईचा तह करावयास लावून माळव्यावरील मराठ्यांचा हक्क त्याच्याकडून मान्य करून घेतला. असा पुरुष ज्या घराचा मूळपुरुष, त्या घरास चाळीस वर्षांच्या आत भाऊबंदकीची कीड लागावी, हे दैवदुर्विलसित खरे.

थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे श्रीचिंतामणीच्या सान्निध्यात निवर्तले. मृत्युशय्येवर असताना त्यांनी धाकटे बंधू नारायणराव यांचा हात काका रघुनाथराव यांच्या हाती दिला, असे इतिहास सांगतो. आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगावयाचे तर काका विश्वस्त झाले. परंतु काका-पुतण्यांचे पटले नाही आणि थोड्याच दिवसांत काका त्याच वाड्यात नजरकैदेत पडले. तेथूनच गारद्यांशी संधान जुळले.

३० ऑगस्ट १७७३. सोमवार, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. घराघरात गणपती बसलेले. त्या दिवशी सकाळीच धोक्याची कुणकुण नारायणरावांच्या कानी गेली होती आणि त्यांनी हरिपंत फडके यांस बंदोबस्त करण्यास सांगितलेही होते. परंतु हरिपंतांस एका स्नेह्याकडे भोजनाचे बोलावणे होते, त्यामुळे ते काम मागे पडले. दुपारी सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद यूसुफ आदी गारदी थकलेल्या पगाराचे निमित्त करून वाड्यात घुसले. नुकतीच अठरा वर्षे पुरी झालेले पेशवे काकांच्या दालनाकडे धावले आणि त्यांना मिठी मारून प्राणांची भीक मागू लागले. त्या मिठीतून त्यांना ओढून ठार करण्यात आले. आड आलेला चापाजी टिळेकर हा सेवक त्यांच्याबरोबरच पडला. सारी मिळून अकरा माणसे आणि एक गाय त्या दिवशी वाड्यात मारली गेली. ज्या वाटेने रात्री प्रेत बाहेर नेले, त्या दरवाजास नारायण दरवाजा हे नाव आजवर चिकटून आहे.

या प्रसंगाची ‘ध चा मा’ ही कथा महाराष्ट्रात मुलाबाळांनाही ठाऊक आहे. ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ झाले, आणि ते अक्षर रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई यांनी बदलले, अशी ती कथा. परंतु वकील या नात्याने आम्हांस सांगितले पाहिजे की, हा आरोप दंतकथेत जितका पक्का आहे तितका पुराव्यात नाही. आनंदीबाईंवर ते अक्षर निःसंशय सिद्ध करील असा पुरावा इतिहासकारांपुढे आलेला नाही. एका स्त्रीच्या माथी सारा दोष मारला की पुरुषांचा कट विसरणे सोपे जाते, एवढेच आम्ही म्हणू.

पुराव्यानिशी काय निघाले, ते रामशास्त्री प्रभुणे यांच्या चौकशीत निघाले. रामशास्त्री हे साताऱ्याजवळील माहुलीचे. पेशव्यांच्या दरबारी मुख्य न्यायाधीश. त्यांनी कोणाची भीड न धरता चौकशी केली आणि कटाचे मूळ रघुनाथरावांपर्यंत पोचविले. ज्याच्या हाती आता सारी सत्ता आली होती, त्यालाच त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि न्यायासन सोडून ते वाईजवळील पांडववाडीस निघून गेले.

या निर्णयातील एक मुद्दा सहसा लक्षात घेतला जात नाही, तो येथे मांडावयाचा आहे. ब्रह्महत्या हे धर्मशास्त्रात महापातक, ते करणारा पतित, आणि मनु व याज्ञवल्क्य या दोघांच्याही मते पतितास दायभागात अंश नाही. पेशवाई ही केवळ खासगी मालमत्ता नव्हती. तिची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडून येत, हे खरे. रघुनाथरावांनी ती वस्त्रे मिळविलीही. परंतु वस्त्रे मिळणे निराळे आणि हक्क पोचणे निराळे. रामशास्त्र्यांच्या शब्दांनी त्या हक्काचे मूळच छेदले होते.

यानंतरचा भाग कोणत्याही रहस्यकथेस मागे टाकील असा आहे. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे प्रभृती कारभारी एक झाले. त्यांनाच बारभाई म्हणतात. १७७४ च्या जानेवारीत त्यांनी गंगाबाईंस पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित नेले. पुढचे तीन महिने सारे मराठी राज्य एका तरुण विधवेच्या प्रसूतीकडे डोळे लावून बसले होते. खरा वारस अजून जन्मास यावयाचा होता, आणि ज्याच्यावर खुनाचा ठपका तो सैन्य घेऊन बाहेर मोकळा होता. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर पुत्रजन्म झाला. तेच सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या आत त्या तान्ह्या बालकाच्या नावाने पेशवाईची वस्त्रे आली.

रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने त्यांनी साष्टी आणि वसई देऊ केली. वारसा मिळविण्यासाठी त्यांनी घर परक्याकडे गहाण टाकले, असेच म्हणावे लागेल. सात वर्षे युद्ध चालले. अखेर १७८२ च्या सालबाईच्या तहाने दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक घेऊन त्यांना बाजूस व्हावे लागले, आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगाव येथे त्यांचा अंत झाला. शनिवारवाडा त्यांना लाभला नाही.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव वाड्यातील गणेश महालाच्या सज्जावरून खाली पडले आणि दोन दिवसांनी, २७ तारखेस, निपुत्रिक वारले. पुष्कळ कारस्थानांनंतर १७९६ च्या अखेरीस गादीवर आले ते दुसरे बाजीराव, म्हणजे रघुनाथरावांचेच पुत्र. खुनानंतर तेवीस वर्षांनी मारेकऱ्याचा मुलगा त्याच वाड्याचा धनी झाला.

त्यांचा स्वतःचा अपराध काय? खून झाला तेव्हा ते जन्मलेही नव्हते. त्यांचा जन्म १० जानेवारी १७७५ चा, धारचा. पूर्वीच्या हिंदू कायद्याप्रमाणे पुत्राने पित्याचे ऋण फेडावे. परंतु अधर्माने केलेल्या ऋणाचा बोजा त्याच्यावर नसे. कायद्याने बाजीराव मोकळे होते. मनाने मात्र नव्हते. नारायणरावांचे भूत त्यांचा पिच्छा पुरवीत असे, आणि त्याच्या शांतीसाठी त्यांनी ब्राह्मणांस व देवस्थानांस दाने दिली, पुण्याच्या आसमंतात लाखो आंब्याची झाडे लावली, अशी परंपरागत कथा आहे. राहण्यासाठी त्यांनी विश्रामबाग वाड्यासारखे निराळे वाडे बांधले. भूत त्यांना दिसले की नाही, हे आम्ही सांगणार नाही. परंतु आपण बसलो आहोत ती जागा दुसऱ्याची होती, हे ज्यास ठाऊक आहे त्यास भुताची वेगळी गरज नसते.

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतील महाल भस्म झाले. आज उभे आहेत ते तट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि उघडे चौथरे. पौर्णिमेच्या रात्री तेथे ‘काका, मला वाचवा’ अशी हाक येते, असे सांगणारे पुण्यात अजून भेटतात.

कायद्याने मात्र ती हाक ऐकली, असे आम्हांस वाटते. फार उशिरा, पण ऐकली. मुंबई इलाख्यातून गेलेल्या केंचव्वा विरुद्ध गिरिमल्लप्पा या अपिलात प्रिव्ही कौन्सिलने १९२४ साली ठरविले की, खुनी मनुष्यास मयताचा वारसा मिळणार नाही. इतकेच नव्हे, तर तो अस्तित्वातच नाही असे समजावे आणि त्याच्यापासून वारसाची नवी शाखाही धरू नये. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ ने हे तत्त्व स्पष्ट शब्दांत घातले. खून करणारा किंवा त्यास साहाय्य करणारा, दोघेही अपात्र. ‘मी फक्त धरावे म्हटले होते’ हा बचाव साहाय्य करणाऱ्यास सोपा नाही. रामशास्त्र्यांनी एकट्याने सत्तेच्या तोंडावर जे सांगितले, ते आज कोणत्याही दिवाणी न्यायालयात साधा वकील सांगू शकतो.

आता अण्णांच्या वाड्याकडे वळू. आम्ही त्यांना शांती करा असेही म्हटले नाही, विका असेही म्हटले नाही. एवढेच विचारले, “अण्णा, ती बाई कोण?” पुष्कळ पत्रव्यवहार झाला. निघाले ते असे : आजोबांच्या धाकट्या भावाची ती विधवा. १९३७ च्या कायद्यापूर्वीची गोष्ट. तिला हिस्सा नव्हता, फक्त अन्नवस्त्राचा आणि राहण्याचा हक्क होता. तोही घरच्यांनी दिला नाही, आणि एके पहाटे ती विहिरीत सापडली. घरात कोणास तिचे नावही ठाऊक नव्हते. ते सापडले कुलदेवतेच्या देवळातील एका जुन्या वहीत, देवीस वाहिलेल्या खणाच्या नोंदीखाली.

तिला वारस नाही. म्हणून कायद्याने आता कोणास काही देणे नाही. अण्णांनी तरीही कुलूप काढले. विहीर उपसून घेतली, तिच्या नावाने श्राद्ध घातले, आणि नातवंडांना बसवून ती कोण होती, तिचे काय झाले, हे सारे न लपविता सांगितले. या उन्हाळ्यात मुले तेथे महिनाभर राहून आली. “काही दिसले का?” असे आम्ही हसत विचारले. अण्णा म्हणाले, “दिसले नाही. पण दिवेलागणीला सूनबाई तिचे नाव घेऊन विहिरीपाशी दिवा ठेवीत असे.”

वारसा म्हणजे केवळ भिंती आणि जमीन नव्हे. ज्या पूर्वजांनी ते घर बांधले ते जसे आपले, तसेच ज्यांना त्या घरात न्याय मिळाला नाही तेही आपलेच. घराच्या उताऱ्यावर त्यांचे नाव आता चढविता येत नसेल. पण घरात ते उच्चारता येते. बाजीरावांनी आंब्याची झाडे लाविली असतील, तर ती चांगलीच गोष्ट झाली. परंतु आपल्या पित्याने काय केले, हे त्यांनी एकदा मोकळेपणी बोलून दाखविले असते, तर इतक्या झाडांची गरज कदाचित पडली नसती.