तळव्याच्या गुदगुल्या आणि कुष्ठरोगाचा इतिहास

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही हळद वाळवण्यापूर्वी शिजवावी लागते. तापलेल्या कढईच्या काठाला हात लागला, तर भाजल्याचे नीट उमगण्याआधीच तो मागे येतो. ज्याच्या हाताची जाणीव गेली आहे, त्याचा हात मात्र तसाच राहतो. फोड डोळ्यांना दिसतो तेव्हाच त्याला कळते. कुष्ठरोगात बोटे ‘झडतात’ असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. प्रत्यक्षात भाजणे, कापणे, जखम चिघळणे आणि ते न कळणे याच फेऱ्यात बोटे हळूहळू आखूड होत जातात.

परंतु हे सारे फार पुढचे. त्याच्या कितीतरी आधी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट हरवलेली असते : त्वचेवरून पीस फिरवल्यावर होणारी गुदगुली.

गुदगुली म्हणजे काय, हा प्रश्न अ‍ॅरिस्टॉटललाही पडला होता. माणसाला स्वतःच स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, याचे नवल त्या काळापासून चालत आले आहे. १८९७ मध्ये स्टॅनली हॉल आणि आर्थर अ‍ॅलिन या अमेरिकी अभ्यासकांनी गुदगुल्यांचे दोन प्रकार मानले. अंगावरून मुंगी चालल्यासारखी जी हुळहुळ होते, तिला त्यांनी ‘निस्मेसिस’ म्हटले. काखेत वा बरगड्यांवर बोटे रोवल्यावर हसू फोडणारी ती ‘गार्गालेसिस’. आपल्याकडच्या ‘हुळहुळणे’ आणि ‘गुदगुल्या’ या शब्दांत हा भेद बराचसा आलेलाच आहे. हुळहुळ जाणवण्यासाठी त्वचेतील अतिसूक्ष्म मज्जातंतू शाबूत असावे लागतात.

कुष्ठरोगाचा जंतू नेमका तिथेच घर करतो. नॉर्वेतील बर्गन येथे गेऱ्हार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये तो शोधला. मज्जातंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशींमध्ये तो शिरतो, आणि त्याला थंडावा मानवतो. म्हणून कानाची पाळी, कोपराचा मागचा भाग, हातपायांची टोके हे शरीराचे गार प्रदेश त्याला आवडतात. रोग सर्वांगावर पसरलेल्या काही रुग्णांचे तळपाय पूर्ण बधिर झालेले असतात, पण काखेची, जांघेची ऊबदार त्वचा जाणीव टिकवून असते. तापमानाशी जोडलेल्या या बधिरतेचे सविस्तर वर्णन १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा माणसाच्या तळव्यावर पीस फिरवले तर काहीच होणार नाही. काखेत बोट घातले तर मात्र तो दचकण्याचीच शक्यता अधिक. मेंदू तोच, हसण्याची क्षमताही तीच. खालून निरोप नेणारी तार तेवढी तुटलेली असते.

हे ज्ञान नवे नव्हे. सुश्रुतसंहितेत कुष्ठाच्या लक्षणांमध्ये ‘स्पर्शहानि’ आणि ‘त्वक्स्वाप’, म्हणजे त्वचेचे निजणे, हे शब्द आले आहेत. ‘कुष्ठ’ या शब्दात तेव्हा अनेक त्वचारोग सामावले होते, हे खरे. तरीही त्वचा निजते हे निरीक्षण अचूक म्हणावे लागेल.

राज्यकर्त्यांची नजर मात्र भलतीकडे होती. १८९८ च्या ‘लेपर्स अ‍ॅक्ट’ने रोगी कोण हे ठरवताना व्रण पडू लागणे ही अट घातली, आणि भीक मागणाऱ्या रुग्णाला पकडून आश्रमात ठेवण्याची तरतूद केली. ज्या अवस्थेत उपचाराचा खरा उपयोग, ती अवस्था कायद्याला दिसतच नव्हती. त्याला रोगाशी कर्तव्य नव्हते. रस्त्यावरची जखम नजरेआड करायची होती, असेच म्हणावेसे वाटते.

हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. वसमत तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होते. त्याच राज्यात निजामाबादजवळ डिचपल्ली येथे इझाबेल केर या स्कॉटिश मिशनरी डॉक्टर बाईंनी १९१५ मध्ये कुष्ठरुग्णालय उभारले. तिथे चौलमुग्रा तेलाची इंजेक्शने देत. त्या वर्गातला कडू कवठ हा वृक्ष आपल्या पश्चिम घाटातही आढळतो. इंजेक्शने वेदनादायक आणि गुण बेभरवशाचा. पण रुग्णाला कोंडण्याऐवजी बरे करायचे, ही कल्पना तिथे रुजली.

मोठे वळण वर्ध्यात आले. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठसेवा सुरू केली होती. पुढे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाच्या डॉ. वारदेकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री मांडली. तोवर दवाखाना रुग्णाची वाट पाहत असे. आता कार्यकर्ता गावोगाव, घरोघर जाऊन धडधाकट दिसणाऱ्यांचीही त्वचा तपासू लागला. डॅप्सोनच्या स्वस्त गोळ्या हाताशी आल्या होत्या, त्यामुळे लवकर शोधण्याला अर्थ आला होता.

या तपासणीचे एक साधन म्हणजे पीस किंवा कापसाची वात. फिकट चट्टा दिसला की माणसाला डोळे मिटायला सांगायचे, त्वचेला हलकेच स्पर्श करायचा आणि स्पर्श जिथे झाला तिथे बोट ठेवायला सांगायचे. चांगल्या त्वचेवर बोट बरोबर पडते. चट्ट्यावर वात टेकली असता माणूस डोळे मिटून तसाच वाट पाहत बसतो. लहान मुलांच्या बाबतीत ही परीक्षा विशेष मोलाची, कारण चट्टा दुखत नाही, खाजत नाही, आणि त्यामुळे मूल तक्रार करत नाही. पुढे एकसारख्या दाबाचे नायलॉनचे धागे आले. तत्त्व तेच राहिले.

१९८३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाने कुष्ठरोगाच्या निर्मूलनाचे ध्येय ठेवले आणि बहुविध औषधोपचार देशभर पोचू लागला. २००५ च्या अखेरीस दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, हे उद्दिष्ट भारताने गाठल्याचे जाहीर झाले, आणि घरोघरचा शोध मंदावला. रोग मात्र उरला होता. २०१६ मध्ये रुग्ण शोधण्याची विशेष मोहीम नव्याने हाती घ्यावी लागली. १८९८ चा तो कायदा संसदेने रद्द केला, तोही २०१६ मध्येच. आज महाराष्ट्रात आशा कार्यकर्त्या दारोदारी जाऊन फिकट चट्टा आहे का, आणि तिथे स्पर्श कळतो का, एवढेच विचारतात.